त्र्याण्णव टक्के कराड

माझ्या वडिलांना नागपुरात कुठे राहायला आवडेल, हे त्यांना सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं. डॉक्टरांना, इंटरनेटला, तिकडे दिलेल्या एका मावसबहिणीला, आणि शेवटी त्यांच्या टोपीला.

टोपीचं सांगते. मी उल्का शेटे. कराडच्या तंत्रनिकेतनात पोरांना सर्व्हेइंग शिकवायचे, म्हणजे जमीन मोजायची कशी आणि नकाशा काढायचा कसा. चाळिशी ओलांडलेल्या, एकट्या बाईची बदली करताना सरकारचा हात जरासुद्धा थरथरत नाही. माझी थेट नागपूरला झाली. खरोखर एकटी असते तर बॅग उचलून निघाले असते. पण घरात अप्पा होते. वय शहात्तर, तब्येत ठणठणीत, आणि दोन वर्षांपासून विसरण्याचा आजार. अजून सुरुवात होती. माझं नाव, पेन्शनची तारीख, भाजीत मीठ कमी पडलंय हे सगळं त्यांना बरोबर कळायचं. फक्त मधूनच एखादा दिवस, कधी एखादं वर्ष गळून पडायचं. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"त्यांना हलवू नका," डॉक्टर म्हणाले. "अशा माणसांना त्यांचं गावच सांभाळत असतं. नव्या जागी ते पहिल्या आठवड्यात वाट चुकतील."

"मग ठेवू कुणापाशी?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून एक पत्रक काढून माझ्यापुढं ठेवलं. 'घरवाट' नावाच्या कंपनीचं.

आठवड्याभरात घरवाटच्या डॉ. अनघा मुठाळ आमच्या घरी येऊन चहा पीत होत्या. चाळिशीच्या आतली, शांत बोलणारी बाई. त्यांनी समजावलं ते असं. आपल्या मेंदूत, कानाच्या आतल्या बाजूला, शेंगेएवढा एक भाग असतो. तिथल्या पेशींना जागा ओळखता येते. एक पेशी फक्त तुमच्या उंबऱ्यापाशी चेतते, दुसरी फक्त चौकातल्या पिंपळापाशी. अशा असंख्य पेशी मिळून प्रत्येकाच्या डोक्यात आपल्या गावाचा नकाशा काढून ठेवतात. हे शास्त्र तसं जुनंच. नवं एवढंच होतं, की पूर्वी ते पाहायला खोलीएवढं यंत्र लागायचं आणि आता केसाएवढे संवेदक टोपीच्या अस्तरात शिवता येत होते. माणसानं ती टोपी घालून आठ दिवस आपल्या गावात हिंडायचं. टोपी डोक्यातला नकाशा उतरवून घेणार. मग संगणक तो नकाशा ट्रेसिंग पेपरसारखा नव्या शहरावर सरकवत नेणार आणि वळणं, अंतरं, चढउतार, आवाज, वास जिथं सगळ्यात जास्त जुळतील ती वस्ती सांगणार. तिथं घर घ्यायचं. पाय सवयीनं चालतात आणि माणूस संध्याकाळी आपल्या दारात येतो.

नकाशा म्हटल्यावर मी पाघळलेच. अप्पांची पांढरी टोपी मी स्वतः धुऊन, इस्त्री करून त्यांच्या हातात दिली.

आठ दिवसांनी अनघाबाईंनी स्क्रीनवर कराड उघडलं. पांढऱ्या रेषांच्या गल्ल्या आणि त्यावर निळे ठिपके. ठिपका जितका मोठा, तितकी ती जागा मनात पक्की. आमचं घर होतं, मारुतीचं देऊळ होतं, घाट होता. पण भररस्त्यात बेचाळीस ठिपके असे होते, की तिथं ना घर, ना दुकान, ना झाड.

"यंत्राची चूक असावी," अनघाबाई म्हणाल्या.

अप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "वॉल हायत त्ये."

अप्पा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. रस्त्याखालून पाइप जातात, गल्ली फुटते तिथं व्हॉल्व्ह असतो, त्यावर लोखंडी झाकण. पहाटे पाच वाजता छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून अप्पा निघायचे. झाकण उचलायचं, चावी लावायची, मोजून आटे फिरवायचे, पुढची गल्ली. कुणाच्या घरी किती वाजता पाणी येणार ते अप्पांच्या पायांवर ठरायचं. लग्नाच्या घरातले लोक आदल्या दिवशी येऊन त्यांना चहाला बोलावून जायचे, ते काही उगाच नाही.

सगळ्यात मोठा ठिपका मात्र व्हॉल्व्हचा नव्हता. तो एका पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर होता. गिरणी बंद पडून तिथं मोबाइलचं दुकान आलं त्यालाही पाच वर्षं झाली होती, पण अप्पांच्या पेशी तिथं अजूनही पिठाचा वास नोंदवत होत्या. त्या कोपऱ्याचं कारण मला माहीत होतं. आई अंगणवाडीत मदतनीस होती. अप्पांची फेरी साडेआठला त्या कोपऱ्यावर संपायची, आणि आई डबा घेऊन तिथूनच कामाला जायची. रोज ती दोघं तिथं दहा मिनिटं उभी राहायची. घरात एकमेकांशी धड न बोलणारी ही दोन माणसं तिथं काय बोलायची, देव जाणे.

"किती गोड," अनघाबाई म्हणाल्या. "आपण गिरणी असलेलीच वस्ती शोधू."

मीही मान डोलावली. ती माझी चूक.

नागपुरात रेवतीनगर नावाची वस्ती निघाली. जुळणी त्र्याण्णव टक्के. सर्व्हेइंगच्या पेपरात मी आजवर कुणाला त्र्याण्णव दिलेले नाहीत, त्यामुळे आकडा पाहूनच माझं मन भरलं. कंपनीची पद्धत अशी, की आधी दहा दिवस तिथल्या एका फ्लॅटमध्ये राहून बघायचं आणि दहाव्या दिवशी सही करायची.

पहिल्या सकाळी अप्पा एकटे बाहेर पडले. मी पन्नास पावलं मागं, ओढणीनं तोंड झाकून. अप्पा झपाझप चालत होते. डावीकडे वळले, देवळापाशी हात जोडले, चढ चढून गेले, परत फिरले आणि बरोबर आमच्या जिन्यापाशी येऊन थांबले. एकदाही अडखळले नाहीत. मी कोपऱ्यावर उभी राहून चक्क रडले.

दुसऱ्या सकाळी जाग आली ती दारावरच्या थापांनी. बाहेर खाकी साडी नेसलेली एक पन्नाशीची बाई, खांद्यावर लोखंडी चावी.

"हे काकाजी तुमच्याच घरचे ना जी?" तिच्या मागं अप्पा उभे होते, आणि त्यांच्याही खांद्यावर चावी होती. त्यांची कराडची. गादीच्या वळकटीत गुंडाळून त्यांनी ती माझ्या नकळत नागपूरला आणली होती. "पाच गल्ल्याइचं पाणी बंद करून टाकलं यायनं. फोनवर फोन येऊन राहिले मले!"

मी माफी मागायला लागले, आजाराचं सांगायला लागले. पण बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या अप्पांकडे बघत होत्या.

"काकाजी, एक सांगा. किती आटे फिरवले तुमी?"

"सतरा," अप्पा म्हणाले. "अठरावा अर्धाच. पुरा आवळला की आतलं पॅकिंग जातंय."

"माझा बाप बी असंच म्हने," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "आजकालचे पोरं पुरा आवळतेत आन् मंग गळते म्हनून बोंबलतेत."

त्या वंदना बोरकुटे. वडिलांच्या जागेवर लागलेल्या व्हॉल्व्हवुमन. चहा झाला. जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या, "ताई, मले एक समजलं नाही. काकाजीले झाकन कुठी आहे ते दिसलं कसं? हातगाडीखाली होतं ते. यायनं गाडी ढकलून बाजूले केली."

मला मात्र समजलं होतं. रेवतीनगर इतकं जुळत होतं, की अप्पांनी जिथं झाकण असायला हवं तिथं शोधलं आणि ते होतं. मला त्याचा अभिमानच वाटला. मी अनघाबाईंना फोन करून तो किस्सा हसत हसत सांगितला.

त्याच दिवशी साडेआठला अप्पा रेवतीनगरातल्या गिरणीच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले.

मी समजले, सवय आहे, येतील दहा मिनिटांत. नऊ वाजले. दहा वाजले. ऊन तापायला लागलं तशी मी गेले. "अप्पा, चला घरी."

"थांब की. मालन येईल आता."

आईचं नाव मी त्यांच्या तोंडून कितीतरी महिन्यांनी ऐकलं. जवळ जाऊन हात धरला. "अप्पा, आई नाही आता. चार वर्षं झाली."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ते पहिल्यांदाच सांगत होते. खरंच पहिल्यांदा सांगत होते. त्यांच्यासाठी ती त्या क्षणी गेली. ते गिरणीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मला कुणी सांगितलंबी न्हाई."

दिवसभर ते रडत होते. रात्री झोपले, आणि सकाळी सगळं पुसलं गेलं. साडेआठला पुन्हा कोपरा.

दुसऱ्यांदा सांगितलं. पुन्हा तोच चेहरा, तेच बसणं. तिसऱ्या दिवशी मी खोटं बोलले. "आई उशिरा येणार आहे, तुम्ही घरी चला." ते आले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले नाहीत. "ती आल्यावर जेवू." दुपारचे तीन वाजले तरी जेवले नाहीत. शेवटी सांगावंच लागलं, तेही उपाशी पोटी. मला स्वतःची लाज वाटली.

चौथ्या दिवशी त्यांनी रडता रडता विचारलं, "मी हुतो का गं तवा तिच्यापाशी?"

"होतात अप्पा. शेवटचं पाणी तुम्हीच पाजलंत तिला."

त्यावर ते जरा शांत झाले. पण दुसऱ्या दिवशी तेही त्यांच्यापाशी राहिलं नाही.

कराडला असं कधी झालं नव्हतं. तिथं ते बाकी काहीही विसरायचे, पण आई गेली हे त्यांना ठाऊक होतं. या चाचणीसाठी नागपुरातच थांबलेल्या अनघाबाईंना मी बोलावून घेतलं आणि फार तडकून बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपीची नोंद लॅपटॉपवर उघडली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"मेंदू दोन कामं करतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "समोरची जागा ओळखीची वाटली, की तो उरलेलं आठवणीतून भरतो. दोन शब्द ऐकले की आरती पुढं आपोआप म्हणता येते ना, तसं. आणि जागा वेगळी आहे हे कळलं, की तो नवं पान उघडतो. या आजारात दुसरं काम आधी दुबळं होतं. थोडासा फरक त्यांना फरक वाटतच नाही. रेवतीनगर त्र्याण्णव टक्के कराड आहे. उरलेले सात टक्के अप्पा स्वतःच भरतायत."

"आणि त्या सात टक्क्यांत आई आहे."

"हो. आणि खरं कराड काळाबरोबर बदललं होतं. तिथं गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. तो दुकानवाला तुमच्या आईच्या मयताला आला होता, असं तुम्हीच सांगितलं होतंत. त्याचं तोंड दिसलं की अप्पांना आठवत असणार. इथं आम्ही त्यांना वीस वर्षांपूर्वीचं कराड काढून दिलं." त्यांनी लॅपटॉप मिटला. "माणूस घरी परत आला, की आमची यंत्रणा गुण देते. घरी कोण असेल अशी त्याला आशा आहे, हे आम्ही मोजलंच नव्हतं."

त्या बाईवर मग मला रागावता येईना.

"न जुळणारी वस्ती घेतली तर?" मी विचारलं.

"तर ते वाट चुकतील. रोज. ते एकटे घरी येतील याची काहीच खात्री देता येणार नाही. डॉक्टर याच कारणासाठी नको म्हणत होते."

म्हणजे निवड अशी होती. एकीकडे वडील कधी हरवणार नाहीत, पण रोज सकाळी साडेआठला त्यांची बायको मरणार. दुसरीकडे ती एकदाच मेलेली असेल, पण वडील कुठल्या रस्त्यावर उभे असतील याचा मला पत्ता नसेल. आणि मी दिवसभर कॉलेजात. सहीला तीन दिवस उरले होते. मी नकाशे शिकवणारी बाई, पण ती रात्र मी नुसती छताकडे बघत काढली.

सकाळी वंदनाताईंची फेरी कोपऱ्यावरून गेली तेव्हा अप्पा पायरीवर बसलेले होते आणि मी त्यांच्या शेजारी. वंदनाताईंनी चावी भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "इथली डूटी माझी आजपर्यंतच. उद्या सकाळी आमच्याकडं या जी, बोरीपुऱ्यात. काकाजीले आमचे वॉल दाखवतो. इंग्रजाच्या टायमाचे हायेत."

बोरीपुऱ्याची जुळणी मी फोनवर घरवाटच्या अ‍ॅपमध्ये काढून बघितली. अडतीस टक्के. समोर लाल रंगात सूचना होती, की ही वस्ती तुमच्या आप्तासाठी सुरक्षित नाही.

तरी गेलो. बोरीपुरा म्हणजे चढ नाही, उतार नाही, नदीची हवा नाही. सपाट, उन्हानं तापलेल्या गल्ल्या, दारादारांत वाळत घातलेल्या मिरच्या, आणि कराडात कधी न ऐकलेली भाषा. अप्पांनी रिक्षातून उतरल्यावर माझा हात घट्ट धरला. चारी बाजूंनी बघितलं. मग म्हणाले, "उल्के, कुठं आलोय गं आपण?"

रेवतीनगरात त्यांनी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. तिथं त्यांना सगळं माहीतच होतं. घरवाटच्या यंत्रणेत या प्रश्नाला वजा गुण असतील, पण मला वाटलं, आठ दिवसांत पहिल्यांदा माझे वडील खरोखर जिथं आहेत तिथं आहेत.

"नागपुरात, अप्पा. माझी बदली झालीय."

"असं व्हय," ते म्हणाले, आणि हात सोडला नाही.

साडेआठ वाजून गेले. त्यांनी गिरणी शोधली नाही. कुणाची वाटही बघितली नाही. वंदनाताईंच्या व्हॉल्व्हचं झाकण उचलून ते आत डोकावत होते.

दहाव्या दिवशी मी अनघाबाईंना सही दिली नाही. त्यांनी दुसरा कागद पुढं केला. कंपनीचा सल्ला डावलून मी माझ्या जबाबदारीवर वस्ती निवडत आहे, असा. त्यावर मी सही केली.

"ते वाट चुकतील हं," त्या पुन्हा म्हणाल्या. धमकी म्हणून नाही, काळजीनं.

"चुकू देत. वाट विचारता येते," मी म्हणाले. हे बोलायला सोपं होतं.

पहिल्याच आठवड्यात अप्पा दोनदा हरवले. पहिल्यांदा मी लेक्चर अर्धवट टाकून पळत आले, तर ते एका लोहाराच्या दुकानात बसून चावीचं टोक कसं घडवायचं यावर त्याच्याशी भांडत होते. दुसऱ्यांदा शाळेतल्या दोन शिपायांनी त्यांना आणून सोडलं. मग वंदनाताईंनीच तोड काढली. त्या पहाटे फेरीला निघताना दारात येऊन हाक मारायच्या, "चला काकाजी, डूटी आहे!" फेरी संपली की परत आणून सोडायच्या. आटे अप्पा मोजायचे, चावी त्या फिरवायच्या. महिन्याभरात बोरीपुऱ्यातल्या अर्ध्या घरांना ते माहीत झाले. दिवसा ते कुठेही भरकटले तरी कुणीतरी म्हणायचं, "हे तर वंदनाचे पाणीवाले काकाजी," आणि हाताला धरून आणायचं. त्यांना रस्ते पाठ झाले नाहीत. आजही नाहीत. रस्त्यांना मात्र ते पाठ झाले.

एकच गोष्ट मला अजून कळली नव्हती. बोरीपुऱ्यात आल्यापासून अप्पांनी आईचं नाव एकदाही काढलं नव्हतं. ती गेल्याचं त्यांना आठवतंय, की ती होती हेच विसरलेत? विचारायची माझी हिंमत नव्हती. दुसरं उत्तर आलं असतं, तर मी ती लाल सूचना डावलून केलेली सही कुठल्या तोंडानं आठवली असती?

फेब्रुवारीतला रविवार होता. फेरी आटोपून अप्पा आणि वंदनाताई आमच्या दारापुढच्या ओट्यावर बसले होते. मी आत पोहे करत होते, खिडकी उघडी होती. वंदनाताईंनी सहज विचारलं, "काकाजी, काकू नाही आल्या जी तुमच्यासंगं नागपूरले?"

माझा हात कढईवर थांबला. घड्याळात साडेआठला पाच मिनिटं कमी होती.

अप्पांनी ओट्यावर पाय लांब केले. मग म्हणाले, "न्हाई. ती गेली. चार-पाच वर्षं झाली. पाणी मागितलं तिनं. मीच पाजलं."

"हाव का," वंदनाताई म्हणाल्या.

"तिनं नागपूर बघितलंच न्हाई. तिला आवडलं असतं बघा हे. सपाट हाय. चढ चढताना तिला धाप लागायची. ती येईस्तोवर मी गिरणीपाशी उभा ऱ्हायचो."

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिचं अस्तर मी कधीच उसवून कंपनीला परत पाठवलं होतं. आता ती नुसती टोपी होती.

वडिलांना आई मेल्याचं आठवतंय म्हणून आनंदानं रडणारी मुलगी जगात मी एकटीच असेन. गॅस बंद करून मी दोन बशा भरल्या आणि बाहेर आले. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, बाजूला सरकले, आणि ओट्यावर हात थोपटून म्हणाले, "बस. तूबी बस. काय घाई हाय तुला?"

साडेआठ वाजले. आम्ही तिघं तिथंच बसून होतो.